कडेला बुडबुडे, मध्ये बर्फ

आपल्या घरात कॅसरोल म्हणजे पोळ्यांचा डबा. अमेरिकेत मात्र ओव्हनमध्ये जाणारं खोलगट भांडंही कॅसरोल आणि त्यात भाजलेला पदार्थही कॅसरोल. मॅकरोनी, भाज्या, व्हाइट सॉस, वर चीजचा थर, म्हणजे पुण्या-मुंबईत वर्षानुवर्षं जिला 'बेक डिश' म्हणतात तीच. तिकडे बाळंतिणीच्या घरी किंवा कुणी गेलं असेल तिथे शेजारी ही भरलेली भांडी पोचवतात. आपल्याकडे सुतकाच्या घरी पिठलं-भात पोचवावा तसं. लेकीच्या बाळंतपणाला तिकडे गेलेल्या आयाही परतीच्या आधी फ्रीझर भरून ठेवायला लागल्या आहेत. इथेही आता घरोघरी ओव्हन आले, त्यामुळे रविवारी दोन भांडी करून एक गोठवायची सोय झाली. गैरसमजांचीही.

त्यातले बहुतेक गैरसमज आमटीवरून आलेत, असं माझं मत. आमटी, रस्सा, खीर सगळं ढवळता येतं. डाव फिरवला की वरचं खाली, खालचं वर. बेक डिश ढवळता येत नाही. ती घट्ट ढेप असते. गार होताना, गोठताना आणि गरम होताना तिचा मधला भाग सगळ्यात मागे राहतो.

मागच्या वर्षी मी गोठवलेलं काचेचं भांडं रात्रभर फ्रीजमध्ये खाली काढून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी थेट ओव्हनमध्ये घातलं. अर्ध्या तासात कडेला सॉस रटरटायला लागला, चीज छान लालसर झालं, घरभर वास. पाहुणे ताटं घेऊन बसलेले. पहिला चमचा मधोमध घातला तर खाली करकर आवाज आला. भोपळी मिरचीला अजून बर्फ चिकटलेला होता. रंग आणि वास हे वरच्या थराचे साक्षीदार. आतलं त्यांना काही ठाऊक नसतं.

आतलं सांगतो तो खुपसायचा थर्मामीटर. मध्यभागी 74 अंश सेल्सिअस दिसायला हवेत. तो नसेल तर सुरी मधोमध दहा सेकंद खुपसून मनगटाला लावून बघा; चटका बसला नाही तर भांडं परत आत. हा अंदाजच आहे, मापन नव्हे. पूर्ण गोठलेली डिश तशीच भाजायची असेल तर ताज्या डिशच्या साधारण दीडपट वेळ धरा आणि फॉइलने झाका, नाहीतर आतलं वितळेपर्यंत वरचं करपतं. काचेच्या भांड्याबाबत मात्र हा प्रयोग नको. फ्रीझरमधून निघून तापलेल्या ओव्हनमध्ये गेलेली काच तडकते, आणि चिजातून काचा वेचता येत नाहीत.

आता सगळ्यात चिवट समजूत: 'गरम पदार्थ फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, आधी पूर्ण गार होऊ दे.' त्यापायी दुपारी एकला उतरवलेलं भांडं संध्याकाळी सहापर्यंत ओट्यावर पडून असतं. जंतूंना 5 ते 60 अंशांमधलं तापमान मानवतं. शिजलेलं अन्न त्या पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहू नये, आणि खोलीच 32 अंशांच्या वर तापली असेल तर एका तासाहून जास्त नाही. मे महिन्यात नागपूरच्या स्वयंपाकघरात हा तास कधी उलटला ते कळतही नाही. उपाय सोपा आहे. जे साठवायचं ते पसरट, दोनेक इंच खोलीच्या भांड्यांत वाटून घ्या, भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवा आणि वाफ ओसरली की फ्रीजमध्ये सरकवा. फ्रीझरची पाळी त्यानंतर. कढत भांडं थेट तिथे ठेवलं तर शेजारचे मटार वितळायला लागतात.

पोळ्यांच्या कॅसरोलमध्ये उरलेला पुलाव रात्रभर ठेवणारेही पुष्कळ. तो डबा अन्न गरम करत नाही, गार होण्याचा वेग तेवढा कमी करतो. म्हणजे ज्या कोमट पट्ट्यातून अन्न भरकन बाहेर काढायचं, त्यातच ते तासन् तास मुक्कामाला राहतं.

'सकाळी खळखळून उकळलं की झालं,' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. भातात आणि पास्त्यात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही तगतात. अन्न कोमट राहिलं की ते रुजतात, वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. जंतू मरतात, उलट्या व्हायच्या त्या होतातच.

फ्रीझरबद्दल दोन टोकं ऐकू येतात. एक, तिथे जंतू मरतात. नाही, उणे 18 अंशांना त्यांची वाढ थांबते, वितळलं की ते पुन्हा कामाला लागतात. दुसरं, फ्रीझरमधलं म्हणजे विषासमान शिळं. तेही नाही. त्या तापमानात सतत राहिलेलं अन्न बिघडत नाही, फक्त दोन-तीन महिन्यांनंतर चव आणि पोत उतरतो. पांढरट, सुकलेले डाग दिसतात ते बुरशीचे नसतात. तिथला बर्फ हवेत उडून गेलेला असतो. तेवढा भाग चामट लागतो, एवढंच. एकदारी फ्रीजमधला बर्फाचा कप्पा उणे 18 पर्यंत पोचतोच असं मात्र गृहीत धरू नका.

सगळं सारखं गोठतही नाही. मैद्याचा व्हाइट सॉस वितळल्यावर पाणी सोडतो, बटाट्याच्या फोडी भुसभुशीत होतात, उकडलेल्या अंड्याचं पांढरं रबरासारखं लागतं. म्हणून गोठवायच्या डिशमध्ये बटाटा आणि अंडं मी घालत नाही, मॅकरोनी किंचित कच्ची ठेवते आणि चीज भाजायच्या दिवशीच घालते. भांडं अडकून पडू नये म्हणून आत फॉइल अंथरून गोठवायचं आणि मग ढेप उचलून घट्ट गुंडाळून ठेवायची. टोमॅटोची ग्रेव्ही असेल तर मध्ये बटर पेपर हवाच, आंबटपणाने फॉइलला भोकं पडतात.

मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो, हेही खरं नाही. त्याच्या लहरी बाहेरून दोन-तीन सेंटिमीटरच आत शिरतात, पुढची उष्णता हळूहळू झिरपत जाते. वाढायचा तेवढाच तुकडा कापून, झाकून गरम करा आणि दोन मिनिटं तसाच राहू द्या.

वितळलेलं पुन्हा गोठवूच नये, हा नियमही अर्धाच खरा. फ्रीजमध्ये वितळलेलं पुन्हा गोठवता येतं, पोत जरा बिघडतो. ओट्यावर दोन तासांहून जास्त राहिलेलं मात्र टाकूनच द्या.

आणि डब्यावर पदार्थाचं नाव आणि तारीख लिहा. गोठलेला व्हाइट सॉस आणि गोठलेलं नारळाचं दूध दिसायला अगदी सारखं असतं. आमच्याकडे एकदा सोलकढी करायला घेतल्यावर ते कळलं.