जुन्या अमेरिकन सायकलीची जुळणी

सायकल म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें इंग्रजी वळणाची, २८ इंची चाकांची आणि सळयांच्या ब्रेकची काळी सायकल उभी राहते. अमेरिकेंत मात्र याच वाहनाची एक निराळी जात निपजली. तिला तिकडे 'क्रूझर' म्हणतात. जाड टायर, रुंद आणि मागें वळलेलें हँडल, ऐसपैस सीट, आणि सांगाड्याच्या नळ्यांमध्यें मोटारसायकलच्या टांकीची बतावणी करणारी पत्र्याची पेटी, असें तिचें रूप असतें. शिक्षणाच्या वा नोकरीच्या निमित्तानें तिकडे राहिलेल्या आपल्या एखाद्या तरुणानें असा जुना सांगाडा मिळवून त्यावर सुटे भाग चढविण्याचा उद्योग आरंभिला, तर घरच्या वडील मंडळींस तो पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. तो पोरखेळ नव्हे. भागांची निवड चुकली, तर हातपाय मोडण्यापर्यंत मजल जाऊं शकते.

या जातीचा उदय १९३३ सालचा. आर्थिक मंदीनें तिकडील सायकलींचा धंदा पार बसला होता, आणि प्रचारांतील अरुंद टायर रिमेला चिकटविलेले असल्यामुळें पंक्चर काढणें ही एक शिक्षाच होती. शिकागोच्या श्विन कारखान्याचे फ्रँक श्विन यांनीं युरोपांत पाहिलेल्या जाड टायरांचा धडा घेऊन २६ इंची, २.१२५ इंच रुंदीचा, आंत स्वतंत्र ट्यूब असलेला टायर बाजारांत आणला. पुढील वर्षीं 'एरोसायकल' आली. १९४९ मध्यें 'ब्लॅक फँटम' आली. आज हौशी लोक ज्यांच्यामागें धांवतात, त्या याच.

नवखा मनुष्य आधीं टांकी, दिवा आणि चकचकीत मडगार्ड यांच्या खरेदीस लागतो. मीमांसक विधींचा विचार करितांना अंगी कोणता आणि अंग कोणतें हें प्रथम ठरवितात. येथें सांगाडा हा अंगी होय. इतर सर्व अंगें त्याच्या मापानें यावींत. उदाहरणार्थ, हँडलचा दांडा चिमट्याच्या नळींत बसतो. जुन्या अमेरिकन सांगाड्यांत या दांड्याचें माप बहुधा ०.८३३ इंच असतें, आणि पुढें सर्वत्र रूढ झालेलें माप ०.८७५ इंच. फरक केसाएवढा, म्हणून ठोकून बसविण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण चिरलेली नळी रस्त्यावर दगा देते. पेडलांचेंही तसेंच. जुन्या सायकलींत दोन्ही क्रँक व मधला आंस ही एकच वळविलेली पोलादी कांब असते, आणि तिला अर्ध्या इंचाचे पेडल लागतात. निराळे क्रँक असलेल्या सायकलींचे पेडल नऊ-सोळांश इंचाचे असतात. डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, हें अर्थातच विसरूं नये.

पण खरी गंमत टायरांत आहे. पावणेदोन आणि १.७५ हे एकच, असें आम्हीं जन्मभर मुलांना शिकविलें. सायकलच्या दुकानांत हें गणित खोटें ठरतें! ज्या टायरावर २६ × १.७५ असें दशांशांत लिहिलें असेल, तो ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमेवर बसतो. आणि श्विनच्या ज्या टायरावर २६ × १¾ असें अपूर्णांकांत लिहिलें असेल, तो ५७१ मिलिमीटरच्या. लहान टायर मोठ्या रिमेवर चढत नाहीं, हें एक वेळ बरें. मोठा मात्र लहान रिमेवर सहज चढतो, आणि हवा भरल्यावर निसटतो. श्विनच्या रिमेवर 'एस-२' किंवा 'एस-७' असा शिक्का असतो. पहिली जाड टायरांची, दुसरी या पावणेदोनाची. नव्या टायराच्या कुशीवर मिलिमीटरचा आंकडाही छापलेला असतो. तो वाचावा आणि इंचांवर विश्वास ठेवूं नये.

साखळीविषयीं थोडेंच सांगणें आहे. पूर्वींच्या पुष्कळ सायकलींवर एक इंच टप्प्याची, विरळ दांत्यांवर चालणारी साखळी असे. पुढें अर्ध्या इंचाची रूढ झाली. साखळी, पुढील चक्र आणि मागील दांतेचक्र हीं तिन्ही एका कुळांतलीं पाहिजेत. सगोत्र विवाह आपल्याकडे निषिद्ध; येथें मात्र सगोत्रांचाच संबंध जुळतो.

आतां ब्रेक. या सायकलींना बहुतेक वेळां एकच ब्रेक, तोही मागच्या हबच्या पोटांत. पेडल उलटें दाबलें कीं आंतील भाग हबच्या भिंतीवर दाबले जाऊन चाक थांबतें. न्यू डिपार्चर, मॉरो, बेंडिक्स हीं त्यांतलीं नामांकित नांवें. रचना सुटसुटीत, परंतु साखळी तुटली किंवा उतरली कीं ब्रेकही गेला. शिवाय लांब उतारावर हब तापतो. १९७६ पासून कॅलिफोर्नियांतील मॅरिन परगण्यांत कांहीं तरुण अशाच जुन्या सायकलींवरून डोंगर उतरण्याच्या शर्यती लावीत. एका उतारांत हबमधील ग्रीस जळून धूर निघे आणि तें पुन्हा भरावें लागे. म्हणून त्या वाटेचें नांवच 'रीपॅक' पडलें. आजची डोंगरी सायकल याच खटाटोपांतून जन्मली.

तेव्हां माझें मत असें कीं, पैसे मोजकेच असतील तर टांकी राहूं द्यावी आणि पुढील चाकास हातानें दाबण्याचा, हबमधील ड्रम-ब्रेक घ्यावा. अस्सलपणाचे अभिमानी नाक मुरडतील. प्रदर्शनांत ठेवावयाची सायकल असेल तर त्यांचें म्हणणें ठीक आहे. पुढचा ब्रेक घेतांना त्याचा आडवा हात चिमट्यास बांधण्याची सोय आधीं पाहावी. मागच्या ब्रेकचा हातही सांगाड्याच्या खालच्या नळीस पट्टीनें घट्ट आवळलेला हवा. पट्टी नसेल तर ब्रेक दाबतांच तो हात फिरतो आणि आंसही गरगरतो. ही पट्टी चार पैशांची वस्तू, पण जुन्या सायकलींत हमखास हरवलेली असते.

सर्व भाग जमल्यावर रंग देण्यापूर्वीं एकदां कोरडी जुळणी करावी: टायर मडगार्डास घासतो कीं काय, साखळी सरळ रेषेंत आहे कीं नाहीं, हँडल वळवितांना गुडघ्यास लागतें काय, हें पाहून मग पुन्हा सर्व सोडवावें आणि सांगाडा रंगाऱ्याकडे द्यावा.