बँकेतील माणूस : प्रशिक्षण, बदली आणि विसावा

भारतीय स्टेट बँकेच्या वार्षिक हिशेबात ठेवी, कर्जे, रोखे आणि इमारती यांची किंमत रुपयांत मांडलेली असते. ही सारी उलाढाल ज्यांच्या हातून होते त्या माणसांची नोंद मात्र नफा-तोटा पत्रकाच्या खर्चाच्या बाजूला सापडते. मार्च २०२५ अखेर या बँकेत २ लाख ३० हजारांहून अधिक कर्मचारी आणि बावीस हजारांहून अधिक शाखा होत्या. एवढ्या मोठ्या मनुष्यबळाला काम शिकवणे, त्याच्या प्रगतीची वाट मोकळी ठेवणे आणि त्याचे स्वास्थ्य सांभाळणे ही तीन कामे बँकेला एकाच वेळी करावी लागतात.

या तिन्ही कामांचा विचार बहुधा स्वतंत्रपणे होतो. प्रत्यक्षात ती एकमेकांवर अवलंबून असतात. शिकलेल्या कामावर नेमणूक झाली नाही तर प्रशिक्षण वाया जाते. पदोन्नतीसाठी घराची घडी विस्कटणार असेल तर लायक माणूस ती नाकारतो. आणि ज्याला विसावाच मिळत नाही, त्याच्या हातून शिकलेल्या कामातही चुका होतात. कर्जाचा प्रस्ताव तपासणारा अधिकारी अपुऱ्या तयारीचा किंवा थकलेला असेल तर धोका अखेर ठेवीदारांच्या पैशाला असतो. त्यामुळे हा विषय केवळ नोकरदारांचा राहत नाही.

शिकवण्याची जुनी परंपरा

बँकिंग हे शिकून करायचे काम आहे, ही जाणीव भारतात जुनी आहे. बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षा घेणारी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स ही संस्था मुंबईत १९२८ मध्ये स्थापन झाली. आज इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स या नावाने ती ओळखली जाते. तिच्या जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना जादा वेतनवाढ मिळते. दिवसभर गल्ल्यावर बसून रात्री अभ्यास करणारे लिपिक आणि अधिकारी बँकांत पिढ्यान्‌पिढ्या दिसतात, ते याच कारणाने.

इंपीरियल बँकेचे १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँकेत रूपांतर झाले. त्यानंतर सहा वर्षांनी, १९६१ मध्ये, बँकेने हैदराबाद येथे अधिकाऱ्यांसाठी स्वतःचे स्टाफ कॉलेज उभारले. पुण्यातील राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी १९ जुलै रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि प्रशिक्षित माणसांची गरज एकाएकी वाढली.

स्टेट बँकेत परिवीक्षाधीन अधिकारी म्हणून दाखल होणाऱ्या तरुणाचा परिवीक्षेचा काळ दोन वर्षांचा असतो. या काळात वर्गातील पाठांबरोबरच शाखांमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर त्याला काम करावे लागते. या दुसऱ्या भागाचे महत्त्व अधिक आहे. कारखानदाराचा ताळेबंद कसा वाचावा, हे पुस्तकातून कळते. पण गोदामात दाखवलेला माल खरोखर विकण्याजोगा आहे की वर्षानुवर्षे पडून आहे, तारण दिलेल्या जमिनीच्या कागदांत कोठे खोट आहे, हप्ता थकवणारा कर्जदार अडचणीत आहे की बनवाबनवी करतो आहे, हे जाणत्या अधिकाऱ्याबरोबर चार ठिकाणी हिंडल्यावरच समजते. म्हणूनच बँकेतील कौशल्य एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि ही साखळी तुटली की नुसत्या अभ्यासक्रमाने ती जोडता येत नाही.

तुटलेली साखळी

दुर्दैवाने ही साखळी मध्यंतरी खरोखरच तुटली. राष्ट्रीयीकरणानंतर, सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत, सरकारी बँकांत मोठी भरती झाली. पुढे संगणकीकरण आले, भरतीचा वेग मंदावला. त्यात २००१ च्या सुमारास राबवलेल्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. बाहेर पडणाऱ्यांत अनुभवी माणसांचा भरणा मोठा होता.

बँक ऑफ बडोदाचे माजी अध्यक्ष ए. के. खांडेलवाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सरकारी बँकांच्या मनुष्यबळाचा अभ्यास करून २०१० मध्ये अहवाल दिला. एकाच काळात भरती झालेली पिढी एकाच दशकात निवृत्त होणार आणि तिची जागा घेणारी मधली फळीच पुरेशी नाही, हे संकट त्यानंतर सर्वांच्या चर्चेत आले. पुढील दशकात नेमके तसेच घडले. नवी भरती पुन्हा सुरू झाली, परंतु अनुभवी आणि नवखे यांच्या मधले वयोगट विरळ राहिले. काही वर्षांच्या अनुभवावर तरुणांना शाखेचा कारभार सांभाळावा लागला. ज्यांच्या शेजारी बसून शिकायचे, ते निवृत्त झाले होते.

स्टेट बँकेने या काळात मोठ्या प्रमाणावर संवादाचे कार्यक्रम हाती घेतले. ओ. पी. भट्ट अध्यक्ष असताना २००७ मध्ये 'परिवर्तन' आणि रजनीश कुमार यांच्या कारकीर्दीत २०१८ मध्ये 'नयी दिशा' हे त्यांपैकी दोन. अशा कार्यक्रमांनी बँकेसमोरील आव्हान साऱ्यांना एकाच वेळी समजते आणि उमेदही वाढते. मात्र कर्जाची पारख करण्याचे कसब त्यातून येत नाही. त्यासाठी माणूस एका कामावर पुरेसा काळ टिकावा लागतो, आणि येथेच बदलीचा प्रश्न उभा राहतो.

पदोन्नतीची किंमत

सरकारी बँकेतील अधिकाऱ्यांची वेतनश्रेणी अनेक पायऱ्यांची आहे. स्टेट बँकेत ही शिडी खरोखर वरपर्यंत जाते. १९७७ मध्ये परिवीक्षाधीन अधिकारी म्हणून रुजू झालेल्या अरुंधती भट्टाचार्य २०१३ मध्ये बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. २०२४ मध्ये अध्यक्ष झालेले सी. एस. शेट्टी यांनीही १९८८ मध्ये त्याच पदापासून सुरुवात केली होती. बाहेरून माणूस न आणता आतल्या माणसाला सर्वोच्च पदापर्यंत नेणारी ही पद्धत म्हणजे नव्या अधिकाऱ्यासाठी मोठे आश्वासन होय.

परंतु शिडीच्या प्रत्येक पायरीबरोबर बदली येते. लिपिकाची भरती राज्यनिहाय होते आणि त्याला स्थानिक भाषा यावी लागते. अधिकाऱ्याची बदली मात्र देशात कोठेही होऊ शकते. संवेदनशील पदांवर एकच माणूस फार काळ राहू नये, असा केंद्रीय दक्षता आयोगाचा आग्रह आहे. एकाच जागी मुरलेल्या माणसाचे हितसंबंध तयार होतात, असा अनुभव असल्याने या नियमाला आधार आहे. शिवाय गावाकडचे आणि शहरातले, दोन्ही प्रकारचे बँकिंग कळावे, हाही बदलीमागचा हेतू असतो.

हेतू चांगला असला तरी त्याची किंमत घराला मोजावी लागते. मुलाची दहावी, वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी, दुसऱ्या शहरात नोकरी करणारा जोडीदार, यांचा मेळ बदलीच्या आदेशाशी बसत नाही. त्यामुळे अनेक लायक लिपिक अधिकारीपदाची परीक्षाच देत नाहीत. त्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय असते. बँकेच्या हिशेबात ही 'नाकारलेली पदोन्नती' कोठेही नुकसान म्हणून लिहिली जात नाही, पण पंधरा-वीस वर्षांचे शिक्षण आणि अनुभव तेथेच थांबतो. भट्टाचार्य यांच्या काळात स्त्रियांना मुलांच्या किंवा घरातील वृद्धांच्या संगोपनासाठी दोन वर्षांपर्यंत सुटी घेऊन नंतर नोकरीवर परतण्याची सोय करण्यात आली. अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागानेही २०२४ मध्ये बदल्यांचे धोरण पारदर्शक करण्याची आणि स्त्रियांना शक्यतो जवळची नेमणूक देण्याची सूचना सरकारी बँकांना केली.

विसाव्याचा अर्थ

कामाच्या ताणाविषयी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार बँकेतील परिस्थितीला चपखल लागू पडतो. नुसते काम जास्त असल्याने माणूस खचत नाही. काम जास्त आणि ते कसे करावे हे ठरवण्याची मुभा कमी, अशी गाठ पडली की ताण सर्वाधिक वाढतो. शाखेत नेमके हेच घडते. दारात ग्राहकांची रांग, वरून ठेवी, कर्जवसुली आणि विमाविक्रीची उद्दिष्टे, आणि दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे स्वतःच्या हातात फारसे काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा दीर्घ ताणातून येणाऱ्या अवस्थेची तीन लक्षणे नोंदवली. थकवा, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि घटलेली कार्यक्षमता ही ती लक्षणे होत.

सप्टेंबर २०१५ पासून बँकांना महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा झाला. सर्व शनिवारी सुटी देण्यावर ८ मार्च २०२४ च्या वेतन करारात बँका आणि संघटना यांचे एकमत झाले, पण अंमलबजावणी सरकारच्या मंजुरीवर सोपवण्यात आली. त्याहून उद्‌बोधक आहे तो रिझर्व्ह बँकेचा २०२१ चा आदेश. संवेदनशील जागांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान दहा कामाचे दिवस रजेवर पाठवावे आणि या काळात त्यांना कामात लक्ष घालू देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. उद्देश गैरव्यवहार उघडकीस आणण्याचा आहे, कारण लपवाछपवी करणारा माणूस खुर्ची सोडायला धजत नाही. पण या नियमातून आणखी एक गोष्ट सिद्ध होते. कोणाही एका माणसावाचून शाखा दहा दिवस नीट चालू शकते, बँकेने तशी तजवीज केली तर. मग ही तजवीज केवळ संशयापोटीच का असावी, हा प्रश्न रास्त ठरतो.

मेळ कसा बसेल?

उपाय फार खर्चिक नाहीत. कर्जविषयक प्रशिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्याला लगेच कर्ज विभागातच नेमावे आणि तेथे त्याला पुरेसा काळ मिळावा. बदलीचे आदेश शाळेचे वर्ष संपताना निघावेत आणि जुन्या माणसाने नव्याला काम समजावून देण्यासाठी काही दिवस राखून ठेवावेत. रजेवर गेलेल्याच्या जागी दुसरा माणूस देण्याची सोय कागदावर न राहता शाखेत दिसावी. शाखाप्रमुखाचे मूल्यमापन करताना व्यवसायाच्या आकड्यांबरोबर त्याने किती जणांना तयार केले, हेही पाहावे.

बँकेचा व्यवहार विश्वासावर चालतो, असे म्हटले जाते. ठेवीदाराला हा विश्वास वाटतो तो समोरचा माणूस आपले काम जाणतो आणि ते शांतपणे करतो आहे, हे पाहून. ही जाण आणि हा शांतपणा यांवर झालेला खर्च पत्रकाच्या खर्चाच्या बाजूला लिहिला जात असला तरी वाचलेल्या प्रत्येक बुडीत कर्जात त्याचे फळ बँकेच्या पदरी पडते.