शेवटच्या खोलीतलं शून्य

दोस्तांनो, विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही आर्डुइनोचा बोर्ड आणलात, त्याला छोटा पडदा जोडला आणि त्यावर आपल्या गावाचं नाव इंग्रजीत झळकवायचं ठरवलंत. पण झळकतं काय? नाव आणि त्यापुढे चित्रविचित्र चिन्हांची शेपटी! कधी तर बोर्ड मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. वायर सैल आहे म्हणून तुम्ही ती दहादा दाबून बघता. पण पुष्कळदा दोष वायरचा नसतोच, बरं का! तो असतो अक्षरांना जागा देण्यात.

आर्डुइनो उनो आर-थ्री या बोर्डावर ॲटमेगा ३२८पी नावाची चिप असते. प्रोग्राम चालू असताना माहिती ठेवायला तिच्याकडे जागा किती? फक्त २०४८ बाइट. ही एक लांबलचक चाळ आहे असं समजा. खोल्या २०४८ आणि प्रत्येक खोलीत ० ते २५५ मधला एकच आकडा मावतो. खोल्यांचे नंबर २५६ पासून २३०३ पर्यंत. त्याआधीचे नंबर चिपने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेले आहेत.

चिपला अक्षरं कळत नाहीत, आकडेच कळतात. 'पुणे' हे नाव इंग्रजीत लिहिलं तर पी, यू, एन, ई यांच्यासाठी ८०, ८५, ७८, ६९ हे आकडे शेजारशेजारच्या खोल्यांत जाऊन बसतात. अशा ओळीने घेतलेल्या खोल्या म्हणजे कॅरॅक्टर ॲरे. अक्षरं चार, मग खोल्या किती घ्यायच्या? चार? अहं, पाच! नाव कुठे संपलं हे चिपला कसं कळणार? म्हणून पाचव्या खोलीत शून्य ठेवतात. हे शून्य म्हणजे आपण पडद्यावर छापतो तो '०' नव्हे. त्या छापायच्या शून्याचा आकडा आहे ४८. हे खरंखुरं शून्य. ते शेवटी असलं की ॲरेतल्या मजकुराला म्हणायचं स्ट्रिंग. ते विसरलं, तर चिप बिचारी पुढच्या बिऱ्हाडांत शिरून, शून्य सापडेपर्यंत जे दिसेल ते छापत सुटते. तीच ती शेपटी!

आता पॉइंटर. या शब्दाला मोठी मुलंही उगाच घाबरतात. पॉइंटर म्हणजे खोलीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, बस्स. नाव ३०० नंबरच्या खोलीपासून सुरू होत असेल, तर चिठ्ठीवर ३००. त्यात एक मिळवला की पुढचं अक्षर. गंमत पाहा, एका खोलीत २५५ पर्यंतचाच आकडा मावतो आणि खोल्यांचे नंबर तर २५६ पासून सुरू होतात! म्हणून या चिपमध्ये ही चिठ्ठी ठेवायलाच दोन खोल्या लागतात.

चिठ्ठीमुळे एक फसगत मात्र होते. दोन ॲरेंमध्ये एकच नाव आहे आणि तुम्ही दोन बरोबरची चिन्हं टाकून 'सारखे आहेत का?' असं विचारलंत, तर उत्तर येतं 'नाही'. कारण चिप खोल्यांचे नंबर ताडून पाहते, आतली अक्षरं नव्हे. अक्षरं एकेक करून ताडायला वेगळं फंक्शन वापरावं लागतं.

खरा घोटाळा होतो तो पुढे. त्याच पाच खोल्यांत 'नागपूर' कोंबलं तर? इंग्रजीत त्याची अक्षरं सहा, अधिक शून्य, म्हणजे सात. मग शेवटचं अक्षर आर आणि शून्य सरळ शेजाऱ्याकडे घुसतात. समजा, शेजारच्या खोलीत 'दिवा १० वेळा लुकलुकव' यातले १० राहत होते. आरचा आकडा ८२. आता दिवा ८२ वेळा लुकलुकणार! घरच्या कॉम्प्युटरवर असा घुसखोर प्रोग्राम पुष्कळदा ऑपरेटिंग सिस्टीम बंद पाडते. उनोवर असा पहारेकरीच नाही.

हे काही फक्त खेळण्यातलं दुखणं नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेल्या प्रोग्रामने इंटरनेटवरचे हजारो कॉम्प्युटर बेजार केले. त्याची एक युक्ती हीच होती: ५१२ बाइटच्या जागेत ५३६ बाइट पाठवायचे! मजकूर वाचून घेणारं सी भाषेतलं ते फंक्शन जागा किती आहे हे कधी विचारतच नसे. सीच्या २०११ च्या प्रमाण आवृत्तीतून ते काढूनच टाकलं. तेव्हा पाहुणे बोलावताना किती जणांची सोय आहे हे आधी सांगणारीच फंक्शनं वापरा.

आणि मराठीत लिहायचं असेल तर? आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन खोल्या अडवतं. 'पुणे'मध्ये प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं, म्हणजे बारा आणि शून्याची एक, एकूण १३ खोल्या. आता 'कोल्हापूर'ला किती लागतील ते तुम्ही मोजा. काना, मात्रा आणि ऊकार तर मोजाच, पण जोडाक्षरात लपलेलं पाय मोडण्याचं चिन्हही सोडू नका. आईबाबांनाही घाला हे कोडं!

(उत्तर : २८)