कितवी पिढी?

वैशाखरे हे गाव पुष्कळांना एसटीच्या खिडकीतून ठाऊक असते. मुरबाड सुटले, टोकावडे मागे पडले की माळशेजच्या रस्त्यावर ते लागते आणि नाणेघाट चढायला निघालेली मंडळी पाठीवरच्या पिशव्या सावरीत तिथे उतरतात. मी मात्र पहिल्यांदा उतरलो तो म्हशी बघायला. साल १९८७. तालुक्यातल्या एका बँकेच्या शाखेत मी शेतीकर्जे पाहत असे. दुभत्या जनावरासाठी दिलेल्या कर्जातून म्हैस खरोखरच घेतली आहे का, तिच्या कानात विम्याचा बिल्ला आहे का, हे तपासायचे. बिल्ला नसला तर म्हैस मेली तरी विम्याच्या लेखी ती मरत नसे. तपशील हा असा आमच्या पोटापाण्याचाच धर्म होता.

त्या दिवशी परतीची एसटी चुकली. गावात सप्ताह चालू होता, त्यामुळे मुक्काम मंडपातच पडला. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. पहारे लावलेले असतात. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालायची आणि नामात खंड पडू द्यायचा नाही. रात्री नऊच्या सुमारास निरोप आला, की वरच्या पाड्यावरचा एक जण गेला. बरेच दिवस आजारी होता. आणि वीणा त्या वेळी ज्याच्या गळ्यात होती, तो त्याच्या भावकीतला.

झाले. वीणेकऱ्याला सूतक लागले की नाही? लागले असेल तर वीणेलाही लागले, आणि मग ती त्याच्याकडून घेणाऱ्यालाही लागणार. निर्णय होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असे ठरले. कीर्तनाला आलेले महाराज बसले, गावातले जाणते बसले आणि, सांगायला संकोच वाटतो, मीही बसलो. आमच्या घरी वडिलांच्या ट्रंकेत ‘धर्मसिंधु’ होता. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेला हा ग्रंथ मी लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत, दुसरे काही हाताशी नसल्यामुळे, पुष्कळसा वाचला होता. सातव्या पिढीपर्यंत सपिंड, त्याला दहा दिवस. त्यापुढे समानोदक, त्याला तीन, हे मी सांगितले. मग पिढ्या मोजणे सुरू झाले. एका म्हाताऱ्याच्या हिशेबाने सहावी, दुसऱ्याच्या हिशेबाने आठवी. मधला एक पूर्वज दत्तक होता की काय, यावर अर्धा तास गेला.

मी आणखी एक मुद्दा काढला. एकदा आरंभ झालेल्या व्रताला मध्येच सूतक बाधत नाही, असे शास्त्र आहे. महाराज खूश झाले, पण त्यांनी लगेच विचारले, आरंभ कोणता धरायचा? संकल्प सोडला तो, कलश मांडला तो, की वीणा पहिल्यांदा गळ्यात पडली तो? आणि व्रत गावाचे की वीणेकऱ्याचे? प्रश्न फार सुरेख होता. बँकेत माझे कोणी इतके मन लावून ऐकत नसे. मला भूक आठवेना, झोप आठवेना.

वीणेकरी उभाच होता. त्याचा पहारा दहाला संपायचा, साडेबारा झाले होते. तोंडाने नाम चालू. वरच्या पाड्यावरून बायकांचे रडणे अधूनमधून ऐकू येत होते. सगळे बाप्ये मंडपात असल्यामुळे तिथे तिरडी बांधायलाही कोणी नव्हते. तुला जायचे आहे का, हे त्याला एकानेही विचारले नाही. शेवटी त्याने टाळ धरून बसलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या एका पोराला जवळ बोलावले, वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि महाराजांना वाकून म्हणाला, “तुमचं चालू द्या महाराज. मी जाऊन येतो.” तो अंधारात दिसेनासा झाल्यावर आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. मग कोणीतरी म्हणाले, पण पोराची मुंज-बिंज काही नाही, त्याला दोष लागतो का? आणि चर्चा पुन्हा सुरू झाली.

खेडेगाव म्हणून हसू नये. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांच्यासारखी माणसे चहाला हजर होती, तर पेला ओठाला लावला की नुसता हातात धरला, यावर शहर दुभंगले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांवर मिटले. त्याच वर्षी कलकत्त्यात फुलमणी नावाची अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या समागमाने मेली. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारे विधेयक आले. आपल्याकडे वाद कशाचा झाला? गर्भाधान पहिल्या ऋतूपासून सोळा रात्रींच्या आत झालेच पाहिजे की नाही, याचा. टिळक विरोधात उभे राहिले. परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये, हा त्यांचा मुख्य मुद्दा निदान सरळ होता. पण लढाई लवकरच वचनांवर येऊन ठेपली. वृत्तपत्रांचे रकाने सोळा रात्रींनी भरले. मुलीचे नाव मागे पडले. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला.

इथे माझी जरा अडचण होते, कारण त्या वादात रामकृष्णपंत भांडारकरही तपशिलातच शिरले होते. गृह्यसूत्रे, स्मृती, टीका धुंडाळून पहिल्या ऋतूचे बंधन शास्त्राला तसे अटळ वाटत नाही, हे त्यांनी दाखवले. एकेका शब्दावर पानेच्या पाने. त्यांना कोणी शब्दच्छल करणारा म्हणेल काय? विहिरीत उतरताना ते कोणाला तरी बाहेर काढायला उतरले होते. मी त्या रात्री उतरलो तो पाणी किती खोल आहे ते बघायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाणेघाट चढलो. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांचा, नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांचा. यज्ञ कोणते केले आणि दक्षिणा किती दिली याची ती जंत्री आहे : १,७०० गायी, १० हत्ती, २४,४०० कार्षापणे. बँकेच्या माणसाचा ऊर भरून यावा असा चोख हिशेब. पुढे पंडितांत वाद झाला, की बाईला श्रौत यज्ञाचा अधिकार नाही, तेव्हा हे यज्ञ तिचे कसे असतील? महिना महिना उपवास करणारी, असेही तिच्याविषयी त्या भिंतीवर लिहिले आहे. त्यावर मात्र फारसे कोणी भांडले नाही. शेजारी राजघराण्याच्या मूर्ती होत्या. त्या कधीच फुटून गेल्या, वरची नावे तेवढी राहिली.

महिन्याभराने वीणेकरी शाखेत आला. गेलेल्या माणसाच्या नावावर म्हशीचे कर्ज होते. त्याची बायको अजून घराबाहेर पडत नव्हती, म्हणून हप्ता याने आणला होता, घडी घातलेल्या नोटा आणि थोडी मोड. भरणारा दुसरा असला की कर्जदाराशी नाते काय, ते आम्ही लिहून घेत असू.

“चुलत ना? कितवे?” मी विचारले. विचारायला नको होते, पण हात रकान्यावर आला की तोंड आपोआप बोलते.

त्याने माझ्याकडे पाहिले. त्या रात्रीचा मी, हे त्याने ओळखले असावे.

“भाऊ लिवा, साहेब.”

मी भाऊ लिहिले आणि पावती फाडून दिली.