माळ्यावरचा स्पेक्ट्रम

मामांनी १९८४ साली लंडनहून आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम आमच्या घरात नुसता शोभेला होता. त्याचं चित्र यूएचएफच्या ३६व्या चॅनेलवर यायचं आणि आमच्या कृष्णधवल टीव्हीला व्हीएचएफपलीकडचं काही ठाऊक नव्हतं. पाहुणे आले की तो कपाटातून निघायचा. रबराची बटणं दाबून बघत कोणीतरी म्हणायचं, "कॅल्क्युलेटर बराच मोठा आहे हो." पुढे तो माळ्यावर गेला. तीसेक वर्षांनी घर रिकामं करताना पुन्हा हाती आला, तोवर मला जुन्या यंत्रांचा नाद लागला होता. आज माझ्याकडे स्पेक्ट्रमच सात आहेत. घरची मंडळी हा आकडा जरा वेगळ्या सुरात सांगतात.

क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी २३ एप्रिल १९८२ रोजी हे यंत्र जाहीर केलं. १६के मॉडेल १२५ पौंडांना, ४८के मॉडेल १७५ला. आतला झेड८० प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झचा. सर्किटची रचना रिचर्ड अल्टवासर यांची, बेसिक भाषा स्टीव्ह व्हिकर्स यांनी १६के रॉममध्ये बसवलेली, आणि रबराच्या एकाच तुकड्यातून चाळीस बटणं काढण्याची युक्ती रिक डिकिन्सन यांची. यंत्रं तयार व्हायची स्कॉटलंडमधल्या डंडी गावी, टाइमेक्सच्या कारखान्यात.

या यंत्राचा खरा आत्मा म्हणजे काटकसर. ४८केच्या वरच्या ३२के मेमरीसाठी सिंक्लेअरने काय केलं असेल? ६४ किलोबिटच्या ज्या आयसींचा अर्धा भाग कारखान्यात नापास झाला होता, त्या स्वस्तात उचलल्या आणि चांगला अर्धा तेवढा वापरला. किडकी बाजू कापून उरलेलं वांगं भाजीत घालावं तसं. कोणता अर्धा चांगला, हे बोर्डावरच्या एका तारेच्या तुकड्याने ठरतं. दुरुस्तीत तिथे चुकीच्या जातीची आयसी बसवली, तर दुकानातून आणलेला कोरा माल खराब निघाला म्हणून माणूस दिवसभर डोकं धरून बसतो. मी बसलो आहे.

पण माझा पहिला पराक्रम त्याहून मोठा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो. मात्र त्याच्या पिनेत आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन, म्हणजे आजच्या बहुतेक अडॅप्टरांच्या उलट. मूळ अडॅप्टर हरवला होता. घरातला एक घेतला, पिन नीट बसली, बटण दाबलं. टक असा बारीक आवाज आला आणि काहीच झालं नाही. गल्लीत टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे बोर्ड नेला. त्यांनी मल्टिमीटर लावला आणि मान न उचलता म्हणाले, "साहेब, पिन बसली म्हणजे सोयरीक जुळली असं नसतं."

बोर्डाला लागतं काय, ते इथे कळलं. खालच्या १६के मेमरीच्या आठ आयसी ४११६ जातीच्या. त्यांना ५ व्होल्ट तर हवेतच, शिवाय १२ आणि उणे ५ हवेत. हे दोन दाब बोर्डावरच एक छोटी कॉइल आणि टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. टीआर४ उडाला की सगळं थंड. त्याहून वाईट म्हणजे उणे ५ गेले आणि १२ राहिले. मग ४११६ एकेक करून मरतात. भरीला या यंत्राला चालू-बंद करायचं बटणच नाही, वायर उपसायची. मागच्या कनेक्टरवर हे सगळे दाब शेजारी-शेजारी उघडे. यंत्र चालू असताना जॉयस्टिकचं इंटरफेस जरा हललं, तरी टीआर४ जाऊ शकतो.

काकांनी ट्रान्झिस्टर बदलला. चित्र आलं, पण गिचमिड. आणि इथे स्पेक्ट्रमने मला कायमचं बांधून घेतलं. चालू होताना त्याची रॉम सगळ्या मेमरीत २ हा आकडा भरून बघते. दोनांकी पद्धतीत २ म्हणजे ००००००१०. पडद्याची मेमरीही त्यातलीच, म्हणून प्रत्येक चौकोनात एक बारीक उभी रेघ उमटते. रंगाच्या खात्यात २ म्हणजे काळ्यावर लाल. त्यामुळे निरोगी यंत्र क्षणभर पांढऱ्या चौकटीत काळा पडदा आणि लाल उभ्या रेघा दाखवतं, मग पडदा पांढरा होऊन खाली सिंक्लेअरची १९८२ची ओळ येते. आठ आयसींपैकी प्रत्येकीकडे एकेक बिट. माझ्या पडद्यावर काळ्याच्या जागी निळं दिसत होतं आणि प्रत्येक चौकोनात एक रेघ जास्तीची होती. पार्श्वभूमीचा निळा म्हणजे उजवीकडून चौथा बिट. चौथी आयसी काढली, सॉकेट लावलं, नवी बसवली. ओळ आली. आजच्या कोणत्या फोनचा आजार असा नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो?

उरली कीबोर्डची पट्टी. बटणांखालच्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यातून दोन चपट्या शेपट्या बोर्डात जातात. चाळीस वर्षांत त्या पापडासारख्या होतात आणि झाकण उघडतानाच तुटतात. क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी ही पाचच बटणं एकदम मेली, तर आठ तारांच्या शेपटीतली एक गेली असं समजावं. सुदैवाने ही पट्टी आता नव्याने तयार होऊन मिळते. टीव्हीचं दुखणं मॉड्युलेटरमध्येच मिटवता येतं: आतली जोडणी सोडवून कॉम्पोझिट सिग्नल थेट बाहेर काढायचा.

संग्राहकांत यावरून भांडणं आहेत. मूळ बोर्डाला कथील लागू देणं काहींना पाप वाटतं. मला बंद खोक्यातलं यंत्र मेलेलंच वाटतं. मूळ आयसी काढली तर पाकिटात घालून यंत्रासोबत ठेवावी, एवढी शिस्त पुरे.

महाराष्ट्राला तर या यंत्राचं विशेष अगत्य हवं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअरच्या परवान्याने डीबी स्पेक्ट्रम प्लस बाजारात आणला होता. कितीतरी घरांत संगणक म्हणून जी पहिली वस्तू आली, ती हीच. त्या काळी प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवर ठेवत. लोड होताना पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी, मग निळे-पिवळे पट्टे धावत. यंत्र बिघडलं तर दुरुस्त होतं. कॅसेटवरचा कुणा शाळकरी मुलाने लिहिलेला प्रोग्राम पुसला गेला, तर दुसरी प्रत कुठेही नसते.

तेव्हा माळा आवरताना असं काही सापडलं, तर हाताशी असलेला अडॅप्टर लावू नका. आणि भावगीतांच्या खोक्यात एखादी कॅसेट नुसतीच किर्र किर्र वाजली, तर ती खराब समजून टाकू नका; आधी तिची डिजिटल प्रत करून ठेवा.