एक्सप्लेनर: जुन्या ट्रकचं 'टायमिंग' म्हणजे काय? ते बिघडलं की डिझेल जास्त का लागतं?

जाफराबादहून जालन्याकडे कापूस, सोयाबीन भरून निघालेला जुना ट्रक चढावर दम सोडतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, अ‍ॅव्हरेज पडतं. मेस्त्री म्हणतो, 'टायमिंग गेलंय.'

पेट्रोल इंजिनात टायमिंग म्हणजे ठिणगीची वेळ. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि नोझलने फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. त्यामुळे इथे वेळ ठरवतो तो पंप. १८०० आरपीएमला क्रँकचा १ अंश म्हणजे सेकंदाचा १०,८०० वा भाग! कॉलेजात हे गणित सोपं वाटायचं, पंप हाताने फिरवताना वाटत नाही.

टायमिंग कसं बसवतात?

ही पद्धत इनलाइन पंपाची. गॅरेजमध्ये त्याला अजूनही 'मायको पंप' म्हणतात, कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी. आधी पहिल्या सिलेंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनला आणायचा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत, रॉकर ढिले लागले पाहिजेत. इथे चुकलं तर टायमिंग पूर्ण एक फेरा उलटं बसतं. मग पंपाच्या पहिल्या लाइनचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून त्या जागी वाकडी नळी लावतात. स्टॉप लिव्हर रनिंगला ठेवून हँडपंप मारला की नळीतून डिझेलची धार लागते. इंजिन थोडं मागे घेऊन चालण्याच्या दिशेनेच हळू फिरवायचं. धार तुटून थेंब पडू लागले, तो क्षण फवारा सुरू होण्याचा. त्याच वेळी फ्लायव्हीलवर कंपनीने दिलेला अंश जुळला पाहिजे. नाही जुळला तर पंपाचे बोल्ट ढिले करून पंप किंचित फिरवायचा, बोल्ट कसून पुन्हा तपासायचं. शेवटी व्हॉल्व्ह परत बसवून लाइनमधली एअर काढायची.

पिकअपसाठी टायमिंग 'पुढे' घेतलं तर?

काही जण नुसत्या कानाने ते पुढे घेतात. सुरुवातीला गाडी चपळ वाटते, पण इंजिन ठोकू लागतं, पिस्टन आणि बेअरिंगवर मार बसतो. जास्त मागे गेलं की डिझेल उशिरा जळतं, ताकद सायलेन्सरवाटे जाते आणि इंजिन तापतं.

मात्र पांढरा धूर दिसला म्हणून लगेच पंपाला हात लावू नका. खराब नोझल किंवा कमी कॉम्प्रेशननेही तो येतो, तेव्हा आधी तेच तपासून घ्या. कॉमन रेल असलेल्या नव्या ट्रकमध्ये ही वेळ ईसीयू ठरवतो. तिथे वाकडी नळी चालत नाही, स्कॅनर लागतो.