बूट व्हायला दोन मिनिटं? आधी मोजा, मग फॉरमॅट मारा!

हॉस्टेलच्या कुठल्याही विंगमध्ये हे दृश्य दिसतं. पीसीचं बटण दाबायचं, बादली उचलायची, आंघोळ उरकून यायचं, तरी स्क्रीनवर ते चक्र आपलं फिरतंच आहे! मग रूममध्ये तज्ज्ञांची कमिटी बसते. एक म्हणतो, "रॅम कमी पडते रे." दुसरा म्हणतो, "व्हायरस असणार." तिसरा सरळ निकाल देतो, "फॉरमॅट मार, अर्ध्या तासाचं काम आहे." आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट नेमका त्याच डिस्कवर असतो.

फर्स्ट इयरपासून आपल्याला एकच गोष्ट बजावली जाते की रीडिंग घेतल्याशिवाय कन्क्लुजन लिहू नका. स्वतःच्या पीसीच्या बाबतीत मात्र आपण थेट शेवटचं पान लिहून मोकळे होतो. लिनक्स तर बिचारं प्रत्येक बूटचं रीडिंग स्वतःच घेऊन ठेवतं. ते वाचायचं कसं, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

बटण दाबल्यावर काय होतं?

बूट म्हणजे एक रिले रेस आहे. पहिला धावपटू मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे जुन्या मशीनमधलं बायोस किंवा नव्यातलं यूईएफआय. ते हार्डवेअर तपासतं आणि काठी बूटलोडरकडे देतं. बहुतेक ठिकाणी हा बूटलोडर म्हणजे ग्रब. ग्रब कर्नल मेमरीत आणतो. कर्नल ड्रायव्हर लावतो, रूट पार्टिशन शोधतो आणि 'पीआयडी १' ही पहिली प्रोसेस सुरू करतो. ती बाकीच्या सर्व्हिसेस उठवते आणि लॉगिन स्क्रीन येते. शेवटचा टप्पा लॉगिननंतरचा, डेस्कटॉप पूर्ण उभा राहीपर्यंतचा.

पूर्वी सर्व्हिसेसच्या स्क्रिप्ट साधारणपणे एकामागून एक चालायच्या. लेनार्ट पोटेरिंग यांनी २०१० मध्ये सिस्टमडी जाहीर केलं आणि शक्य तेवढी कामं एकाच वेळी सुरू करण्यावर भर दिला. फेडोराने २०११ मध्ये ते घेतलं, डेबियन आणि उबुंटू २०१५ मध्ये आले. स्लॅकवेअर, डेवुआनसारखे काही अपवाद सोडले तर आज बहुतेक डेस्कटॉप लिनक्सवर तेच असतं. पुढच्या कमांड त्याच्याच आहेत. इथे उच्चार दिले आहेत, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं.

पहिलं रीडिंग

टर्मिनल उघडा आणि 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ' अशी कमांड द्या (स्पेलिंगमध्ये झेड आहे, एस नाही). समजा उत्तर असं आलं : फर्मवेअर ४.२ सेकंद, लोडर ११ सेकंद, कर्नल ३.१ सेकंद, यूजरस्पेस ९८.५ सेकंद. एकूण ११६.८, म्हणजे जवळजवळ दोन मिनिटं. (जुन्या बायोस पद्धतीने बूट होणाऱ्या मशीनवर पहिले दोन आकडे दिसत नाहीत. तिथे मोबाइलचं स्टॉपवॉच वापरा.)

एका ओळीत किती कळलं बघा! कर्नल निर्दोष आहे. लोडरचे ११ सेकंद म्हणजे ग्रबचा मेनू आपल्या एंटरची वाट बघत बसला आहे. खरं दुखणं यूजरस्पेसमध्ये आहे. आता तिथेच शोधायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही.

'ब्लेम' : आरोपी की बळीचा बकरा?

त्याच कमांडपुढे 'ब्लेम' लिहिलं की प्रत्येक सर्व्हिसला किती वेळ लागला याची उतरत्या क्रमाने यादी येते. इथेच बहुतेकजण फसतात. यादीत वर दिसेल ती सर्व्हिस बंद करत सुटतात, आणि दुसऱ्या दिवशी प्रिंटर तरी जातो नाहीतर वाय-फाय तरी!

मेसच्या रांगेत ताट घेऊन वीस मिनिटं उभा राहिलेल्या मुलाला "तू फार हळू जेवतोस" असं म्हणाल का? तो चपातीची वाट बघत होता. ब्लेमच्या यादीतही तसंच असतं. एखाद्या सर्व्हिसपुढे ७ सेकंद दिसतात, पण त्यातले ६ ती दुसऱ्याची वाट बघण्यात घालवते. शिवाय सगळ्या सर्व्हिसेस समांतर चालतात, त्यामुळे यादीची बेरीज करून काही हाती लागत नाही.

आपल्या उदाहरणात समजा यादीत सगळ्यात वर नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन आहे आणि तिला ६.८ सेकंद लागले. मग ९८ सेकंद गेले कुठे? हाच महत्त्वाचा पुरावा आहे. जे युनिट शेवटपर्यंत सुरूच झालं नाही ते ब्लेमच्या यादीत येत नाही. म्हणजे सिस्टम अशा कुणाची तरी वाट बघत होती जो आलाच नाही!

क्रिटिकल पाथ आठवतो का?

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पेपरात सीपीएमची गणितं आपण केली आहेत. १९५० च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँटच्या कारखान्यांसाठी तयार झालेली ही पद्धत. जी साखळी सगळ्यात लांब, तीच एकूण वेळ ठरवते. त्या साखळीबाहेरचं काम कितीही लवकर उरकलं तरी प्रोजेक्ट एक दिवसही आधी संपत नाही.

बूटलाही हेच लागू आहे, आणि त्यासाठी कमांडही आहे : 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ क्रिटिकल-चेन'. तिच्यात 'अ‍ॅट'च्या चिन्हापुढचा आकडा म्हणजे ते युनिट कितव्या सेकंदाला तयार झालं, आणि अधिक चिन्हापुढचा म्हणजे त्याने स्वतः किती वेळ घेतला. साखळीत वेळ कुठे एकदम उडी मारतो ते बघायचं. आपल्या उदाहरणात स्वॅप टार्गेट नव्वदाव्या सेकंदाला तयार झालेलं दिसेल. पुढे 'प्लॉट' लिहून उत्तर एसव्हीजी फाइलमध्ये घेतलं तर सगळा बूट बार-चार्टसारखा समोर येतो. मग 'जर्नलसीटीएल' कमांड 'बी' या पर्यायासह चालवून त्या वेळेच्या आसपासच्या ओळी वाचा. तिथे अमुक डिव्हाइसची वाट बघून वेळ संपली, असा स्पष्ट कबुलीजबाब असतो.

नेहमीचे गुन्हेगार

१) बरोबर ९० सेकंद : एवढा नेमका आकडा दिसला की ईटीसी फोल्डरमधली एफएसटॅब फाइल बघा. सिस्टमडीची थांबण्याची नेहमीची मुदत ९० सेकंदांचीच असते. आपल्याकडे एका डिस्कवर दोन-तीन लिनक्स टाकायची हौस. काही इन्स्टॉलर जुनं स्वॅप पार्टिशन पुन्हा फॉरमॅट करतात आणि त्याचा यूयूआयडी बदलतो. पहिलं लिनक्स बिचारं जुन्याच यूयूआयडीची वाट बघत बसतं. 'बीएलकेआयडी' कमांडने खरा यूयूआयडी काढा, एफएसटॅबची एक प्रत ठेवा आणि मग ओळ दुरुस्त करा. काढून ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कची ओळ असेल तर ती काढा किंवा तिला 'नोफेल' हा पर्याय द्या. नाहीतर ९० सेकंदांनंतर थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाल.

२) कर्नलच्याच आकड्यात अर्धा मिनिट : डेबियन आणि तिच्या कुळातल्या बऱ्याच लिनक्समध्ये हायबरनेटसाठी जुनं स्वॅप शोधण्यात हा वेळ जातो. मूळ तेच, यूयूआयडीचं. रिझ्यूमची सेटिंग दुरुस्त करून इनिटरामएफएस नव्याने तयार करावी.

३) वेट-ऑनलाइन : वसतिगृहाच्या वाय-फायवर हिला बराच वेळ लागू शकतो, पण एकट्या पीसीवर लॉगिन स्क्रीन सहसा तिच्यासाठी थांबत नाही. साखळीत नसेल तर सोडून द्या. आणि लॅबमधल्या मशीनवर, जिथे होम फोल्डर सर्व्हरवरून माउंट होतात, तिथे ती बंद करू नका. ती तिथे कामाची आहे.

४) ग्रब : ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरच्या ग्रब फाइलमध्ये टाइमआउट ३ करा आणि ग्रब अपडेट करा. आठ सेकंद फुकटात मिळाले!

५) लॉगिननंतरची रखडपट्टी : वरच्या आकड्यांत हा वेळ मोजलेलाच नसतो. स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्सची यादी बघून नको ते काढा.

आपल्या उदाहरणात पहिला आणि चौथा उपाय केला की ११६.८ चे १८.८ सेकंद होतात. खर्च शून्य, फॉरमॅट शून्य.

आणि डिस्कच बोलत असेल तर?

कधी कधी साखळीत एक मोठी उडी नसते, सगळंच थोडं थोडं हळू असतं. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. सरासरी अर्धा फेरा ४.२, त्यात हेड सरकायचे साधारण ९, म्हणजे विखुरलेल्या एका रीडला १३ मिलिसेकंद. बूटमध्ये असे ४००० रीड धरले तर ५२ सेकंद झाले! एसएसडीवर तेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या हिशोबाने अर्ध्या सेकंदाच्या आत होतं. पैसे घालायचेच असतील तर ते इथे घालावेत. रॅम वाढवून हे दुखणं जाणार नाही.

पण कालपर्यंत नीट असलेला पीसी आज अचानक मंद झाला असेल तर सावध व्हा. 'डीमेसेज'मध्ये आय/ओ एरर दिसतात का बघा आणि 'स्मार्टसीटीएल'ने डिस्कचा रिपोर्ट काढा. त्यात रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा आकडा वाढत असेल तर डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे. अशा वेळी फॉरमॅट मारणं म्हणजे पेशंटला आयसीयूतून काढून पळायला लावणं. आधी प्रोजेक्ट, रिपोर्ट, फोटो दुसरीकडे कॉपी करा, मगच पुढचा विचार. फक्त सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर मात्र पहिला संशय साटा केबलवर घ्या. ती डिस्कपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

शेवटी

२००८ मध्ये लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्समध्ये अर्जन व्हॅन डी व्हेन आणि ऑके कॉक या इंटेलच्या इंजिनिअरांनी असुस ईई पीसी हा छोटा लॅपटॉप पाच सेकंदांत बूट करून दाखवला. त्यांनी आधी बजेट ठरवलं : कर्नलला १ सेकंद, सुरुवातीच्या कामांना १, ग्राफिक्सला १, डेस्कटॉपला २. मग जो टप्पा बजेटबाहेर जाईल त्याच्या मागे लागले.

आपल्याला पाच सेकंदांची गरज नाही, पण पद्धत तीच ठेवा. रीडिंग वहीत लिहा, एका वेळी एकच बदल करा, रीबूट करून पुन्हा मोजा. आणि पुढच्या वेळी विंगमध्ये कुणी "फॉरमॅट मार" म्हणालं, तर त्याला फक्त एवढंच विचारा, "रीडिंग कुठाय?"